पाहणारीने सांगायचे नाही

॥ श्री ॥
सांगली, ९ जानेवारी १९६६

चि. कल्पना हिस बाबांचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. तुझ्या आईने ते दोनदा वाचून घेतले आणि दोन्ही वेळा तुझ्या प्रकृतीखेरीज तिला त्यात दुसरे काही दिसले नाही. मला पहिल्याच वाचनात सर्व समजले, आणि समजले ते आवडले नाही. पदार्थविज्ञानात पहिला वर्ग मिळवलेल्या मुलीने इस्पितळात यंत्र चालवण्याची उमेदवारी करावी, हे मला मान्य नाही. कानांना ऐकू न येणारा ध्वनी रोग्याच्या डोक्यात सोडायचा, त्याचा प्रतिध्वनी पडद्यावर उमटला की छायाचित्र घ्यायचे आणि ते डॉक्टरांपुढे ठेवायचे. यात तुझे स्वतःचे असे काय? तूच लिहितेस की पडद्यावर काय दिसले हे रोग्याला सांगण्याची तुला मुभा नाही. तुझ्या उपेंद्रमामाच्या कारखान्यात याच जातीच्या यंत्राने लोखंडातील चिरा शोधतात, असे त्याने मोठ्या कौतुकाने कळवले आहे. लोखंड प्रश्न विचारत नाही, माणूस विचारतो. ज्याला उत्तर येते आणि जो ते सांगत नाही, अशा विद्यार्थ्याला मी आयुष्यभर बाकावर उभे करत आलो.

जूनमध्ये पुण्यास एम.एस्सी.ला तुला प्रवेश मिळावा म्हणून प्राचार्यांशी बोलून ठेवले आहे. तोवर हौस फेडून घे. थंडीमुळे उजव्या हाताला मुंग्या येतात, म्हणून अक्षर नेहमीसारखे नाही. तुझ्या मामास सांग, भाचीला बिघडवल्याची शिक्षा म्हणून त्याने महिनाभर स्वतःच्या हातचे जेवावे.

सद्बुद्धी तुझ्या सोबत राहो, ही इच्छा.
बाबा

—

जयनगर, बंगळूर
२३ जानेवारी १९६६

तीर्थरूप बाबांच्या चरणी कल्पनाचा नमस्कार.

उपेंद्रमामांनी तुमची शिक्षा ऐकली आणि म्हणाले, ती तर कारखान्याच्या उपाहारगृहात रोजच भोगतो आहे. आमच्या घरमालकीण कावेरीअक्का हे ऐकून इतक्या रागावल्या की रात्री वर सारू-भात पाठवून दिला.

यात माझे स्वतःचे काय, असे तुम्ही विचारता. मेंदूच्या दोन भागांमधून एक मध्यरेषा जाते. एका बाजूला गाठ वाढली किंवा रक्त साकळले तर ती रेषा दुसरीकडे ढकलली जाते. कवटी न उघडता ती रेषा जागेवर आहे की नाही, एवढेच आम्ही पाहतो. कानाच्या वर तेल लावून शोधक, म्हणजे ध्वनी सोडणारी यंत्राची दांडी, टेकवायचा. आधी उजवीकडून, मग डावीकडून, आणि दोन्ही प्रतिध्वनी ताडून पाहायचे. हात किंचित कलला तर सरळ रेषाही सरकलेली दिसते. म्हणून हात कलू न देणे, हे माझे. मला शिकवणारे हयवदन म्हणून वरिष्ठ तंत्रज्ञ आहेत. त्यांच्या तोंडी सारखा 'स्वल्प' हा शब्द असतो, म्हणजे थोडे. तेल स्वल्प, दाब स्वल्प, बोलणे तर फारच स्वल्प.

एम.एस्सी.ला मी नाही म्हणत नाही. परंतु न पाहता निकाल देऊ नये, हे तुम्हीच शिकवलेत. उन्हाळ्याच्या सुटीत एकदा येऊन पाहावे. आणि हाताच्या मुंग्या थंडी संपल्यावरही राहिल्या तर कृपया डॉक्टरांना दाखवावे.

आईस नमस्कार. तुमचा राग कमी झाला नाही तरी पत्रे कमी होऊ नयेत.
तुमची
कल्पना

—

॥ श्री ॥
सांगली, १५ मे १९६६

चि. कल्पना हिस आशीर्वाद विशेष.

सुखरूप पोचलो. मिरजेपर्यंतचा प्रवास बरा झाला. कावेरीअक्कांनी बांधून दिलेले चित्रान्न उत्तम होते, मीठ किंचित अधिक.

तुझे काम पाहिले. परीक्षकाने स्वतःचेच डोके पुढे करावे, ही उपेंद्रची थट्टा मी मान्य केली. माझ्या हातातून खडू निसटतो हे तुझ्या आईने तुला परस्पर कळवले होते आणि डॉक्टरांशी तुमचे आधीच ठरले होते, हे मागाहून समजले. असो. तू प्रथम उजवी बाजू तपासलीस, नंतर डावी, पुन्हा उजवी, पुन्हा डावी. मी तुझ्या चेहऱ्याकडे पाहत होतो. हात स्थिर होता, हे नमूद करतो. तेल पुसण्याचा कापूस मात्र जाडाभरडा होता.

संपल्यावर तू एक शब्दही बोलली नाहीस. आपल्या घरी मी वही तपासून काही न बोलता परत दिली म्हणजे ती निर्दोष, हे तू लहानपणापासून जाणतेस. चूक असेल तरच मी बोलतो. तुझे मौन मी त्याच अर्थाने घेतले आणि समाधान पावलो. मग दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या दारात ताटकळण्यात काय हशील होते? तू कामावर असतानाच संध्याकाळच्या गाडीने निघालो. उपेंद्र स्थानकापर्यंत कुरकुरत आला. डॉक्टरांना न भेटता जाणारा रोगी आणि निकाल न ऐकता जाणारा विद्यार्थी सारखेच, असे तो म्हणाला. निकाल मला कळला आहे, असे मी त्यास सांगितले.

पुण्याचे प्रवेशपत्र आले आहे. पंधरा जूनला हजर व्हायचे. सामान आवरण्यास लागावे.

शहाण्या मुलीकडून याहून अधिक अपेक्षा नाही.
बाबा

—

जयनगर, बंगळूर
१८ मे १९६६

तीर्थरूप बाबांस नमस्कार.

तार करणार होते, पण तार पाहून आई घाबरली असती. माझ्या मौनाचा तुम्ही जो अर्थ घेतलात, तो त्याचा अर्थ नव्हता. त्याला कोणताच अर्थ नव्हता. तो कामाचा नियम होता. कृपा करून लगेच परत या आणि डॉक्टरांना भेटा. आईलाही सोबत आणा. मामा स्थानकावर येतील.

वाट पाहते आहे.
कल्पना

—

॥ श्री ॥
सांगली, २१ मे १९६६

चि. कल्पना हिस आशीर्वाद.

परत या, एवढे लिहितेस; का, ते लिहीत नाहीस. हा प्रकार मला सहन होण्यासारखा नाही. मी कोणी रस्त्यावरून आलेला रोगी नव्हे. ज्याने तुला पाटीवर अक्षर गिरवायला शिकवले त्याच्याच डोक्यात काय आहे हे तू पाहिलेस, आणि त्यालाच सांगत नाहीस. कोणत्या शास्त्रात हे बसते?

माझे म्हणणे स्पष्ट आहे. जे पाहिलेस ते लिही. पत्र हाती पडेल त्याच दिवशी गाडीत बसेन, आणि पुढे हीच नोकरी करायची असेल तर आडवा येणार नाही. पुण्याचे मी पाहून घेईन. न लिहिलेस तर मी येणार नाही आणि जूनमध्ये तू पुण्यास जाशील.

तुझी आई दोन दिवस माझ्याशी बोललेली नाही. या घरात मौनाची साथ आलेली दिसते.

उत्तर सरळ असावे.
बाबा

—

जयनगर, बंगळूर
२४ मे १९६६

तीर्थरूप बाबांच्या चरणी नमस्कार.

तुमचे पत्र मामांना दाखवले. ते म्हणाले, वेडे, लिहून टाक, बापही येईल आणि नोकरीही राहील. रात्रभर मला तेच पटत होते.

मी इथे आले त्याच्या आदल्या वर्षी आनेकलहून रघुजी नावाचे गृहस्थ बैलगाडीवरून पडून इस्पितळात आले होते. मराठीच, पण पिढ्यान्‌पिढ्या तिकडचे. त्यांच्या मुलाने फार गयावया केली म्हणून हयवदनांनी त्याला सांगितले की रेषा सरकली आहे. मुलाने डॉक्टरांची वाट पाहिली नाही. मरायचेच तर घरी, म्हणून तो बापाला बसमध्ये घालून घेऊन गेला. डॉक्टरांनी छायाचित्रे पाहिली तेव्हा लक्षात आले की एका बाजूला शोधक कलला होता. रेषा जागेवरच होती. हे कळवायला इस्पितळाचा माणूस गेला तेव्हा रघुजी अंगणात खाटेवर पडून होते. जमीन वाटून झाली होती, नातेवाइकांचे निरोप घेऊन झाले होते, आणि औषध दूरच, कोणी त्यांना पेजही देत नव्हते. ते वाचले. हयवदन अजून त्या गावचे नाव काढत नाहीत.

मी एक रेषा पाहते, बाबा. डॉक्टर ती रेषा, तुमचा हात, तुमचे डोळे आणि अजून व्हायच्या तपासण्या, सगळे मिळून पाहतात. मी पाहिले ते बरोबर असेल किंवा चूक असेल. दोन्ही वेळा माझ्या शब्दावर तुम्ही काहीतरी ठरवाल, आणि तुम्ही एकदा ठरवलेत की कोणाचे ऐकत नाही.

म्हणून मी लिहिणार नाही. त्याऐवजी हे घ्या. पंधरा जूनला मी पुण्यात हजर राहीन. उमेदवारी सोडत असल्याचे मी आज सकाळी डॉक्टरांना सांगितले आहे. पुन्हा या कामाचे नाव काढणार नाही. मला काही नको. तुम्ही फक्त या. हे काम सोडायचेच असेल तर सोडीन, पण त्याचा नियम मोडून सोडणार नाही.

रागवा, पण येऊन रागवा.
कल्पना

—

बंगळूर, इस्पितळातून
४ जून १९६६

चि. कल्पना हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तू याच इमारतीत खालच्या मजल्यावर असताना पत्र लिहितो, याचे कारण भेटीच्या वेळी तुझी आई रडते आणि मला दोन वाक्ये धड जुळवता येत नाहीत. अक्षराबद्दल क्षमस्व. पेन्सिल पुनःपुन्हा गळते. शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ ती दर वेळी उचलून देतात आणि दर वेळी 'सरी सरी', म्हणजे 'ठीक आहे, ठीक आहे', म्हणतात. सुरुवातीस याचा मला राग येत असे.

मी का आलो, हे तू विचारले नाहीस. नोकरी टाकायला तयार होणारी पण नियम न टाकणारी मुलगी वायफळ हट्ट करत नसणार, इतके तर्कशास्त्र मला येते. ते पत्र तुझ्या आईला वाचून दाखवताना मी मध्येच थांबलो; तिने तोवर ट्रंक बाहेर काढली होती.

काल डॉक्टरांनी धमनीत औषध सोडून काढलेली छायाचित्रे दाखवून सर्व समजावले. डावीकडे गाठ आहे. मेंदूच्या आवरणातली दिसते, निघण्यासारखी आहे, उशीर झालेला नाही. आणखी काही महिने सांगलीस काढले असते तर झाला असता. हे त्यांनी सांगितले तेव्हा तू दाराशी उभी होतीस. तुझा चेहरा मी पाहिला. तपासणीच्या वेळी तो तसा नव्हता. ते दोन चेहरे वेगळे ठेवायला तुला किती कष्ट पडले असतील, याचा हिशेब करण्याचा मी प्रयत्न केला आणि सोडून दिला.

शस्त्रक्रिया गुरुवारी आहे. गाठ वाचेच्या केंद्राला लागून आहे. वाचा जाण्याची शक्यता डॉक्टरांनी लपवली नाही, याबद्दल मी त्यांचे आभार मानले. म्हणून जे बोलायचे ते आज लिहितो. पुण्याच्या प्राचार्यांना आज पत्र टाकले: माझी कन्या प्रवेश घेणार नाही, ती बंगळूरला नोकरीत आहे. तू राजीनामा दिला आहेस, असे डॉक्टरांना म्हणालो. त्यांनी 'तो तोंडी होता, मी ऐकला नाही' असे उत्तर दिले. माणूस चतुर आहे.

तुला परवानगी देतो असे लिहिणार नाही. ती देण्याचा मला अधिकार होता असे आता वाटत नाही. एक विनंती मात्र आहे. शस्त्रक्रियेनंतर रेषा पुन्हा पाहतात म्हणे. ती तू पाहावीस, दुसऱ्या कोणी नाही. त्या वेळी मला विचारता येईल की नाही, ठाऊक नाही. विचारता आले, तरी विचारणार नाही.

तुझा
बाबा