मंगीच्या पोटातलं अंडं

३ मार्च
"ओरडू नकोस, सगळ्यांचंच निघतं." निलंग्याच्या दवाखान्यात मी कळा देत असताना नर्सबाई म्हणाली होती, आणि मांडीवर फाडकन चापट. वीस वर्षं झाली. आज हौदाच्या कडेला मंगीला बघितलं आणि तेच ऐकू आलं. शेपटी खाली, पाय फाकलेले, जोर लावतेय, काही निघत नाही. बाकीच्या दोघी बदकी अंडं घालताना घर डोक्यावर घेतात. ही गप्प.
पोटाखाली हात घातला. अंडं लागलं. मऊ, पाण्याच्या फुग्यासारखं. गेल्या आठवड्यातली दोन अशीच, बिनकवचाची.

४ मार्च
कोमट पाण्याच्या टबात अर्धा तास बसवली. मग बोटाला एरंडेल लावून... फुटलं. आतच. माझ्या बोटानं. आधी पिवळं आलं, मग लाल. मंगीनं माझं मनगट चोचीत धरलं, सोडेना. बरं केलं.
रेणापूरला भावाला, दाद्याला फोन. त्याच्या कोंबड्या आहेत, त्याला कळतं. "कवच धरंना म्हणजे चुना कमी पडायलाय. चुना दे." ह्यांच्या तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घेतला, तिची चोच उघडली, आत लावला.

५ मार्च
सकाळी चोचीतून फेस. जिभेचं कातडं सुटलेलं. दाद्या फोनवर ओरडला, "अगं येडे, चुना भिजवून वरचं निवळ पाणी द्यायचं असतंय! लगदा कोण चारतंय?" काल पाण्याचं काही म्हणाला नव्हता. पण पानात चुना जास्त झाला तर तोंड सोलतं, हे मला ठाऊक नव्हतं का?
जनावरांच्या दवाखान्यात नेली. डॉक्टरीणबाई तरुण. पहिला प्रश्न : "खायचं बदक की पाळायचं?" रांगेतला म्हशीवाला म्हणाला, "ताई, मसाला आणलाव का संगं?" सगळे हसले.
आत राहिलेला अंड्याचा पापुद्रा काढताना अंड्याची वाटच बाहेर आली. लाल, लिंबाएवढी. साखरेचं पाणी लावून आत ढकलली, दोन टाके घातले. मी पंख दाबून धरले होते. "महिनाभर अंडं नको. अंधारात ठेवा, म्हणजे घालायची थांबेल. आणि नर जवळ आला, टाके तुटले, तर ही गेलीच."

७ मार्च
मंगी न्हाणीत, खिडकीला पोतं. सरदार पत्र्याच्या खोपीत. नर तो एकटाच. ह्यांनी हातावर वाढवला. पिल्लू होता तेव्हा ह्यांच्या खिशात झोपायचा. दिवसभर पत्र्यावर चोच आपटतो.
हे : "त्याला कशाची शिक्षा? नर हाय त्यो, करणारच."
मी : "आणि तिनं काय करायचं?"
"तुला तर समद्यातच खोट दिसायली."
मंगीच्या मानेला हळद लावली. मानेवर एक पीस नाही, नुसती चोचीची भोकं. ही काही काल पडली नाहीत. रोज डोळ्यांसमोर होती माझ्या.

९ मार्च
शाळेत शिकवून घरी आले. न्हाणीचं दार उघडं, खोपीचंही. "जरा उन्हात फिरू दे की दोघांला," म्हणून ह्यांनी सोडलेले. सरदार तिच्या पाठीवर. मान चोचीत. तिचं डोकं हौदाच्या पाण्यात दाबलेलं.
धुणं बडवायचं दांडकं हाताशी होतं. पहिल्या फटक्याला तो उतरला. नंतरचे तीन का मारले ते मला माहीत आहे. लिहीत नाही. पंखाचं हाड मोडल्याचा आवाज आला.
हे धावत आले. मला ढकललं. कोपर भिंतीवर, फुटलं. "कसायीण हायेस तू."

१० मार्च
एकाच टेबलावर दोघं. तिचा एक टाका तुटला होता, पुन्हा घातला. "आता तुटला तर टाका घ्यायला मांस राहिलं नाही," डॉक्टरीणबाई. सरदारचा पंख बांधला. उडायचा तसाही नव्हताच.
हे त्याला बोटानं भात भरवतात. भरवताना बाहीनं डोळे पुसले. मला भडभडून आलं. पण हात... हात अजून दांडक्यावर असल्यासारखा आवळलेला.

१२ मार्च
मंगीच्या तोंडातलं बरं होतंय. दोन घास खाल्ले. पण पोट पुन्हा टणक. अंडं की सूज, चाचपायची हिंमत नाही. सरदार एक पंख ओढत न्हाणीच्या दाराशी येऊन बसतो. त्याचा आवाज आला की ती भिंतीत शिरायला बघते. दाराची कडी मी लावते. हे काढतात.
दाद्याला विचारलं, सरदारला ठेवून घेशील? "आण की. पण आधीच सांगतो गं, मोडकं पाखरू मी फार दिवस पोसत न्हाई." कळलं मला. तरी 'राहू दे' म्हणाले नाही.
हे अंगणात त्याला मांडीवर घेऊन बसलेत. चहा झालाय. नेऊन देते, आणि विचारते, उद्या ह्याला रेणापूरला सोडून याल का. दाद्या काय म्हणाला तेही लपवणार नाही. 'नाही' म्हणतील. माझ्याकडं न बघता म्हणतील. तरी विचारते.