होडीच्या बॅटरीवरचा पहारेकरी

तीर्थरूप दाजींना साष्टांग नमस्कार.

देवाच्या कृपेने आम्ही बरे आहोत. तुमचा गुडघा आणि ताईचा खोकला कसा आहे? (ताईने काही कळवलं नाही, म्हणजे दोन्ही होते तसेच असावेत.)

पत्रास कारण आमची होडी. डिझेलचं इंजिन काढून मी मोटार आणि लिथियम बॅटऱ्या बसवल्या, हे तुम्हाला माहीत आहेच. आता त्यांना बीएमएस लागतो, म्हणजे बॅटरीचा पहारेकरी. एखादा सेल फार उतरला, जास्त भरला किंवा तापला, की तो बॅटरीच बंद करतो. दुकानदाराने दोन प्रकार दाखवले. पहिला कोणाला न विचारता झटक्यात बंद करतो. मी विचारलं, "भर धारेत, बारा माणसं होडीत असताना?" तो म्हणाला, "काका, निर्धास्त राहा, बॅटरीला काही होत नाही." (बारा माणसांचं काय, ते माहितीपत्रकात नव्हतं.) दुसरा आधी घंटा वाजवतो, काठ गाठायला वेळ देतो आणि मग बंद करतो. पण ती घंटा मला ऐकूच आली नाही तर? डिझेलशेजारी वीस वर्षं बसून माझे कान कसे झालेत, तुम्ही जाणता. सोमवारी पहिली फेरी आहे. हल्ली जपाला बसलो की माळेचे मणी सोडून सेलच मोजतो; बॅटरीतले सोळाही झाले की हात आपोआप थांबतो. देव समजून घेत असेल.

हिने सगळं ऐकलं आणि भाजी चिरता चिरता म्हणाली, "तो पहिला डबा म्हणजे तुम्हीच. दाजी एवढंसं हसले, तर ताटावरून उठलात. चार महिने झाले, अजून बंदच." मी म्हटलं, दाजींनी माझ्या होडीला तरंगता पाट म्हटलं. तर म्हणे, "मग आधी घंटा वाजवायची होती."

म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. तरी कोणता बीएमएस घ्यावा, ते सवडीने कळवावं.

तुमचा धाकटा मेहुणा

ता. क. आत्ताच कळलं, घंटावाला बीएमएस हिने मंगळवारीच आणवला आणि बसवूनही घेतला. तेव्हा कळवायची तसदी घेऊ नये. सोमवारी स्वतःच यावं आणि पुढच्या फळीवर माझ्या नजरेसमोर बसावं. शाळेची घंटा ऐकण्यात तुमचा जन्म गेला, ही ऐकलीत की नुसता हात वर करावा.

आणखी एक. "आता यांची गरज उरली नाही" असं म्हणून मी रागाने तुमच्याकडे धाडलेली वल्ही येताना घेऊन यावीत. हसायचं असेल तर काठाला लागल्यावर हसावं.