शाबासकीची तक्रार

ती. भाऊजींस,

पाया पडून नमस्कार (लांबूनच पडतो, म्हणजे तुमचा हात माझ्या पाठीपर्यंत पोचणार नाही).

पुलाच्या कामावर तुमच्या गुडघ्यांचं कसं काय? उन्हात टोपी घालता ना? ताई ठणठणीत आहे. दर रविवारी मी तिच्याकडे जेवतो, तेव्हा ती तुमच्या तब्येतीची काळजी करते आणि माझ्या तब्येतीला नावं ठेवते. मी मात्र बरा नाही. चार दिवस घास घशाखाली उतरत नाही. कारण ऐकून तुम्हाला राग येईल, म्हणून आधीच माफी मागतो. साहेबांनी माझं कौतुक केलं.

तुम्हाला ठाऊकच आहे, मी पंख्याच्या कारखान्यात तक्रार विभागात आहे. गेली चौदा वर्षं मी सकाळी दहापासून लोकांची माफी मागतो. पंखा कुरकुरला, माफी. पातं वाकडं निघालं, माफी. एका गृहस्थांचा पंखा आमच्या कंपनीचा नव्हताच, पण ते इतके चिडले होते की त्यांचीही मागून टाकली. अशा माणसाच्या टेबलाशी साहेब स्वतः चालत आले की छातीत धस्स होतं. (मागे ते पॅकिंगच्या हिशेबनिसाच्या टेबलाशी असेच हसत आले होते. तिथे आता झेरॉक्सचं मशीन आहे.)

तर साहेब आले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी उभा राहिलो, खुर्ची आडवी झाली. एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी एकाच पंख्याबद्दल अकरा तक्रारी केल्या होत्या. अकराव्या तक्रारीला मी त्यांना जे उत्तर पाठवलं ते वाचून बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी अकराच्या अकरा तक्रारी मागे घेतल्या. साहेब म्हणाले, “असं पत्र मी उभ्या जन्मात वाचलं नव्हतं.” अशा वेळी काय करायचं ते ताईनं मला लहानपणीच शिकवलंय. मान थोडी झुकवायची, ‘आभारी आहे’ म्हणायचं आणि गप्प बसायचं. पण जिभेला चौदा वर्षांची सवय. मी म्हणालो, “झाल्या प्रकाराबद्दल आम्ही दिलगीर आहोत. पुन्हा असं होणार नाही.” मग सावरून घ्यावं म्हणून मी म्हणालो, “आपलं म्हणणं नोंदवून घेतलंय. आठ दिवसांत दखल घेऊ.” शेजारच्या टायपिस्टबाईंनी तोंडात रुमाल कोंबला. साहेबांना मात्र हा माझा विनय वाटला, आणि तिथेच घात झाला.

आमच्याकडे पद्धत अशी आहे, की ज्याचं कौतुक होईल त्यानं सोमवारी सकाळी कँटीनमधल्या खुर्चीवर उभं राहून ‘मी हे कसं केलं’ ते सगळ्यांना सांगायचं. पुढच्या सोमवारी माझी पाळी आहे, आणि ते पत्र मी कसं लिहिलं हे मला सांगता येणार नाही. (का, ते खाली लिहितो. इथे लिहायला हात धजत नाही.) लबाडी केलेला माणूस साहेब एक दिवस ठेवत नाहीत, आणि मला माफी मागण्याखेरीज दुसरं कुठलंही काम येत नाही. भरीस भर म्हणून पाहुण्या म्हणून त्या मुख्याध्यापिकाबाईंनाच बोलावलंय. बाईंनी पस्तीस वर्षं परीक्षेत कॉप्या पकडल्या आहेत. परवा स्वप्नात त्या माझे खिसे तपासत होत्या.

बाकी सर्व क्षेम.

तुमच्या धाकात वाढलेला,
मेहुणा

ता. क. : ते पत्र तुमचं आहे. बारा वर्षांपूर्वी ताई भांडून आमच्याकडे आली होती, तेव्हा तुम्ही कोपऱ्यावर मला गाठून तिला द्यायला पाकीट दिलं होतंत. ती इतकी तापली होती की जवळ जायची माझी छाती झाली नाही. राग उतरला की देऊ, म्हणून मी ते शब्दकोशात ठेवलं. तिसऱ्या दिवशी ती आपणहून तुमच्याकडे परत गेली आणि मला द्यायला तोंड उरलं नाही. ‘एका पत्रात परत आणली हिला’ असं तुम्ही ताईच्या माघारी चारचौघांत सांगता तेव्हा मी ताटात बघत असतो. मागच्या महिन्यात बाईंना उत्तर लिहायला शब्दकोश उघडला आणि पाकीट समोर. ‘मी नुसता डोक्यावर आवाज करतो, सुख म्हणून माझ्याकडून काही मिळत नाही. चूक तुझी नाही, माझ्यातच बिघाड आहे. एकदा संधी दे.’ भाऊजी, पंख्यासाठी यातलं अक्षरही बदलावं लागलं नाही, ‘तू’च्या जागी ‘आपण’ घातलं एवढंच. तेव्हा हे तुम्हाला कसं सुचलं त्याच्या चार ओळी सोमवारच्या आत पाठवा, म्हणजे खुर्चीवर म्हणून दाखवीन. आणि ताईला कळू देऊ नका.

ता. क. २ : ताईला कळलं. हे पत्र मी तिच्याच स्वयंपाकघरात बसून लिहितोय. ती नुसतं म्हणाली, “काय लिहितोयस एवढं?” आणि मी सवयीनं म्हणालो, “चूक झाली, ताई.” मग काय, सगळंच सांगावं लागलं. तिनं गॅस बंद केला आणि माझ्या खिशातलं तुमचं पत्र काढून घेऊन उभ्यानंच दोनदा वाचलं. मी विचारलं, “हे वाचलंच नव्हतंस, तर मग परत का गेलीस?” म्हणाली, “करमेना.” पत्र तिनं स्वतःच्या कपाटात ठेवलंय. मला हुकूम आहे, की खुर्चीवर चढून खरं काय ते सांगायचं, नोकरीचं मागाहून बघू.

पुढच्या रविवारी ती फोनवर तुम्हाला सांगणार आहे, की पत्र फार छान लिहिलं होतंत. भाऊजी, घाबरून तिची माफी मागू नका. मान थोडी झुकवा (फोनवर दिसत नाही, तरी झुकवा), ‘आभारी आहे’ म्हणा आणि गप्प बसा. तुम्हाला जमलं तर लगेच मला कळवा, म्हणजे सोमवारी मीही करून बघीन.