दहा शब्द शिल्लक

ती. बाबांना नमस्कार,

मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं. आईचा गुडघा आता कसा आहे? फक्त ‘ठीक’ असं लिहू नका.

नर्सिंगच्या पदवीसाठी लिहिलेल्या मागच्या निबंधात मी नापास झाले, हे तुमच्यापासून लपवलं, ते चुकलंच. मर्यादा दीड हजार शब्दांची होती, मी बावीसशे लिहिले. शिकवणाऱ्या बाईंनी दीड हजाराव्या शब्दापाशी रेघ मारली आणि पुढचं वाचलंच नाही. माझा मुद्दा नेमका रेघेखाली होता. यंदा पुन्हा तसंच झालं तर वर्ष जाईल.

काल नवा निबंध घेऊन त्यांच्याकडे गेले. विषय असा, की मरणाऱ्या रुग्णाच्या माणसांशी नर्सने कसं बोलावं.

“हे नर्सच्या उपयोगासाठी लिहिलंय, की तुम्ही किती वाचलंय ते मला दिसावं म्हणून?” त्यांनी विचारलं.

तुम्हाला दिसावं म्हणूनच, असं मी कबूल केलं. मग त्यांनी पेन माझ्याच हातात दिलं. मी दोन पानं खोडली आणि मुद्दा एकही गेला नाही! उरलं ते वीस वर्षं मी वॉर्डात करते तेच: खुर्ची ओढून रुग्णाच्या माणसांशेजारी बसायचं आणि त्यांना आधी काय ठाऊक आहे ते विचारायचं. एवढं मला येतं, हे मलाच माहीत नव्हतं.

“दहा शब्द शिल्लक आहेत. काही घालायचंय?” बाईंनी विचारलं.

“नको,” मी म्हणाले आणि निबंध देऊन टाकला.

धाकट्याला सांगा, ताईने दहा शब्द न लिहिता सोडले. त्याचा विश्वास बसणार नाही. माझाही अजून बसलेला नाही.

तुमची,
थोरली