पिठातली सुई

साखरा, ता. सेनगाव
दि. १० फेब्रुवारी २००४

चि. सौ. पद्मा हिस,

आशाचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक, तिकडची खुशाली कळवावी, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. इकडे काहीही ठीक नाही. मोठ्या जावेनं तीन वर्षांत एक ओळ पाठवली नाही आणि आज अख्खं पत्र पाठवलं, तेव्हा ते तू ओळखलंच असशील.

विश्वंभर भाऊजी वसमतच्या कारखान्यात कायम झाले, असं कानावर आलं. बरं वाटलं. आमची तूर निघाली, हरभरा अजून उभा आहे. शितल माझ्या खांद्याला लागली. काकू कधी येणार, असं मधूनमधून विचारते आणि मी तिला कामाला लावते.

आत्याबाईंचं डोकं आता पार गेलं. हात धुऊन होत नाही तोच विचारतात, आज मला भाकर दिली नाही का. दिवस कलला की गाठोडं बांधून माहेरी निघतात. परवा मी बाहेरून कडी लावत होते, तर सुनेला ओळखलंच नाही, दाराच्या फटीतून माझा पदर धरून म्हणाल्या, "बाई, तू कोनाची? मला काहून कोंडून राहिलीस?" हो, मी कोंडते. शेतात गेले नाही तर खायचं काय?

दिवाळीनंतर त्यांना नांदेडच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी सांगितलं, हा मेंदूचा आजार आहे, वाढतच जाणार. वस्तू भलतीकडे ठेवणं, नको ते कापणं, सगळं त्यातच येतं. म्हणजे राखेत सापडलेली माझी जोडवी, कातरलेली लुगडी, भाकरीतून निघालेली सुई, ज्या ज्या गोष्टींपायी तुझ्यावर भानामतीचा आळ आला, त्या सगळ्या. हे वाचून तुझ्या तोंडात काय येईल, मला माहीत आहे. येऊ दे.

त्याच डॉक्टरांनी हिंगोलीचा एक पत्ता दिला. महिन्याच्या पहिल्या शनिवारी तिथं शाळेच्या एका खोलीत अशी माणसं सांभाळणारे जमतात. तांड्यावरचे किसनसिंग गुरुजी ते चालवतात. त्यांची बायको लक्ष्मीबाई त्यांना नवरा म्हणून ओळखत नाही, मास्तर म्हणते. मग ते तिची हजेरी घेतात, ती 'हजर' म्हणते आणि मुकाट जेवते. मी पहिल्यांदा भिंतीला पाठ लावून बसले होते. तुझ्याच वसमतच्या मालनबाईंनी सांगितलं की, पाण्याला जाताना त्या नवऱ्याला बाजेला बांधून जातात. सांगताना रडल्या. कुणी नाक मुरडलं नाही. पदराच्या आतून नाव-गाव शिवून ठेवायचं, हे त्यांनीच मला शिकवलं.

आता खरं कारण. मागच्या आठवड्यात शेजारचा बैल मेला. आदल्या दिवशी आत्याबाई त्याच्या गोठ्यात उभ्या होत्या, चार जणांनी पाहिलं. आता गाव म्हणतं, धाकट्या सुनेचं नव्हतं, म्हातारीचंच होतं. वीस तारखेला, शुक्रवारी अमावस्या आहे. देवऋषी येणार आणि आत्याबाईंना पारावर बसवणार, तुला बसवलं होतं तसं. तू पंचविशीतली होतीस, तरी मिरचीच्या धुरीनं दोन दिवस तुझे डोळे उघडले नाहीत. त्यांना चौऱ्याहत्तरावं आहे. त्या त्यातून उठायच्या नाहीत, पद्मा. मला रोज तेवढंच दिसतं.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, गावाशी वैर घेऊन राहायचं कसं, आणि चिलीम पेटवली.

शनिवारी मंडळात मी हे बोलले. सगळ्यांनी ठरवलं की अमावस्येच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, आठ घरची माणसं आपापल्या आजाऱ्यांना घेऊन साखऱ्याला यायची. पारावर बसायचं आणि आमच्या घरात हेच झालं म्हणून सांगायचं. गुरुजी ठाण्यातही अर्ज देणार आहेत. पण उठताना ते मला म्हणाले, "बाई, आमी परके. आधी घरचं मानूस बोललं पायजे, तवाच गाव ऐकंन."

आणि तिथंच माझी वाचा बसते. वर लिहिलं त्यावरून वाटेल, मला हे दिवाळीनंतर डॉक्टरांकडूनच कळलं. ते खोटं आहे.

तू गेलीस त्याच्या नवव्या दिवशी मी पीठ मळून सरपण आणायला परसात गेले. आले तर आत्याबाई परातीपाशी. त्यांनी गोधडीची सुई दोऱ्यातून काढली, पिठाच्या गोळ्यात खोचली आणि बोटानं वरून सारखं केलं. माझ्याकडे बघून हसल्या. "लेकराच्या पायात जाईन," म्हणाल्या. जन्मभर गोधड्या शिवल्या, सुई जपून ठेवायची सवय राहिली, जागा तेवढी विसरल्या.

मी सुई काढली, भाकरी थापल्या आणि तीन वर्षं गप्प बसले.

देवऋषी 'घरातलीच बाई' म्हणाला तेव्हा घरात आपण तिघी होतो. सगळे आधी माझ्याकडे वळले होते, कारण पीठ माझ्या हातचं. मी घाबरले आणि तुझ्याकडे बोट केलं. मग तू गेलीस, घर निवलं, आणि खरं सांगितलं तर ते बोट फिरून कुणावर येईल, या धास्तीनं मी मेले. रोज उठून तुझी रिकामी खोली झाडत होते, तरी बोलले नाही.

ह्यांना यातलं काही माहीत नाही. पाठच्या भावाला ह्यांनी माझ्या शब्दावर घराबाहेर काढलं. गुरुवारी हे पारावर माझ्या समोर बसलेले असतील. गावापेक्षा मला त्यांचीच भीती जास्त वाटते. मला घराबाहेर काढलं तर शितलला घेऊन कुठं जायचं, ते मला सुचत नाही.

तुझी माफी मागायला मला तोंड नाही, मागतही नाही. एवढंच म्हणते, एकोणीस तारखेला ये. मी बोलेन, असं आज वाटतं. पण मी स्वतःला ओळखते, ऐन वेळी माझी दातखिळी बसते. तशी बसली तर हे पत्र काढ आणि सगळ्यांदेखत मोठ्यानं वाच. तूच लिहून आणलंस असं कुणी म्हणू नये, म्हणून खाली पुरं नाव घालते.

आली नाहीस तरी तुला बोल नाही. मग आत्याबाईंना फक्त माझ्या जिभेचा आधार, आणि तो कसा असतो ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

आशाबाई भ्रतार उकंडराव पतंगे, रा. साखरा
लिहिलं ते खरं आहे. अक्षर माझंच आहे.