मऊ की कडक

नवघर, भाईंदर पूर्व
रविवार, दुपार

प्रिय क्षितिजा,

सभेत मी आधी समोरच्यांना हाक मारते आणि मग त्यांच्या दुखण्याला नाव देते, हे तुला पाठ आहे. लहानपणी तू पाटावर उभी राहून माझी नक्कल करायचीस, ‘नवघरच्या माझ्या आयाबहिणींनो’ म्हणून, आणि बाबा तुझ्यापुढे लाटण्याचा माईक धरायचे. आज ऐकणारी एकच आहे, तरी सवय सुटत नाही. तर ऐक, माझ्या एकुलत्या एक लेकी. तुझी आणि माझी तक्रार एकच आहे. आपल्या माणसाच्या पोटावर वेळेत कुणी हात ठेवला नाही. सात वर्षं ही तक्रार आपण दोघी वेगवेगळ्या गावांत बसून सांभाळतोय, तू लातूरला आणि मी इथे. रविवारी तुझा फोन येतो, चार मिनिटं. जेवलीस का, बीपीची गोळी घेतलीस का, लिफ्ट सुरू झाली का. मी तिन्हीला हो म्हणते. तू फोन ठेवतेस आणि मी तो कानालाच धरून बसते, अजून काही यायचं राहिलंय असं समजून. म्हणून आज कागद घेतलाय. कागद मधेच ठेवून देता येत नाही.

आधी बातमी सांगते. आपल्या शेजारी अंबिका राहते, रत्नागिरीकडची. तू गेल्यावर ते लोक राहायला आले, त्यामुळे तू तिला पाहिलेलं नाहीस. तिची सान्वी अकरा वर्षांची, दिवसभर जिन्यात बडबड करणारी. बुधवारी सकाळपासून जिना शांत होता. दुपारी मी कढीपत्ता मागायला गेले तर पोरगी कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन पडलेली. आदल्या संध्याकाळी बेंबीपाशी दुखायला लागलं होतं, पहाटे उलटी झाली, नाश्त्याला तोंड लावलं नव्हतं. अंबिकाच्या सासूबाईंनी, चंपाआजींनी, निदान आधीच करून टाकलं होतं. बेंबी सरकलीय. वाटीत तेल गरम करून ठेवलेलं, शेजारी पेल्यात एरंडेल. पोट चोळून बेंबी जागेवर आणायची आणि वरून एरंडेल पाजायचं. मी म्हटलं, आजी, थांबा जरा. त्यावर त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं आणि म्हणाल्या, “भाषणं ठोकून कोण डॉक्टर झालाय काय गो? या हाताखालून बारा पोरांची पोटं गेलीत.”

एरवी मी अशा वाक्याला सोडलं नसतं, तुला माहीत आहे. पण सान्वीचं तोंड बघून मी भाषण बाजूला ठेवलं. मी पोरीला विचारलं, नक्की कुठं दुखतंय ते एका बोटानं दाखव. तिनं बोट बेंबीवर ठेवलं नाही, उजवीकडे खाली नेलं. मग म्हटलं, खोकून दाखव. ती खोकली आणि तीच जागा दोन्ही हातांनी धरली. उठून एक उडी मार म्हटल्यावर म्हणाली, “संध्याआजी, मस्करी नको ना.” हे सगळं तुझ्या डॉक्टरकीच्या वहीतलं. तू कपाटात सोडून गेलीस ती निळी वही, पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात नुसतं ‘पोट’ लिहिलेली. मी आयुष्यभर खूप वाचलं, पण कुठलंही पुस्तक इतक्यांदा वाचलं नाही. तुझी अक्षरं घाईत उजवीकडे कलतात. कुठे चहाचा डाग आहे. एका पानाच्या कोपऱ्यात तू लिहिलंयस, ‘झोप येतेय, आई इथे असती तर ओरडली असती.’ त्या पानावर मी जरा जास्त वेळ थांबते.

वहीत लिहिल्याप्रमाणे मी गरम पाण्यात हात धुतले, कारण गार हातानं पोट उगाचच आकसतं. दुखतं तिथून सुरुवात करायची नाही, म्हणून डावीकडून बोटं सपाट ठेवत आले. डावीकडे पोट मऊ होतं, बोटं सहज आत जात होती. उजवीकडे खाली आले आणि, क्षितिजा, पोटानं माझी बोटं अडवली. पोरगी तर मला अडवत नव्हती, ती बिचारी माझ्याकडे बघत होती. तिचं पोटच आपणहून ताठ झालं होतं. हळूच दाबलेला हात पटकन उचलला तशी ती किंचाळली. मी उठले, चंपाआजींच्या हातातली वाटी काढून घेतली, पेला मोरीत ओतला. तेल नाही, शेक नाही, एरंडेल नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. अंबिकाला म्हटलं, चप्पल घाल.

रिक्षा प्रत्येक खड्ड्यात आपटत होती आणि पोरगी प्रत्येक खड्ड्याला माझं मनगट आवळत होती. रिक्षावाल्याला म्हटलं, भैया, फूल जैसी चलाव. तो म्हणाला, “मॅडम, फूल जैसा रोड बनवा के दो, फूल जैसीच चलेगी.” या विषयावर माझ्याजवळ अर्ध्या तासाचं तयार भाषण आहे. दिलं नाही. दवाखान्यात एक तरुण सर्जन होता, निकेत नावाचा. त्यानंही डावीकडूनच सुरुवात केली, ते बघून मला फार बरं वाटलं. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली आणि संध्याकाळच्या आत अपेंडिक्स काढून झालं. सुजून टम्म झालेलं, पण फुटलं नव्हतं. चोळलं असतं, एरंडेल पोटात गेलं असतं, तर आतच फुटलं असतं, म्हणाला. मग त्यानं विचारलं, घरी कुणी ओळखलं इतक्या लवकर? मी म्हटलं, माझ्या मुलीनं. तो म्हणाला, “कुठे ऑपरेट करतात त्या?” मी उत्तर दिलं, ती शिकवते. चंपाआजी दुसऱ्या दिवशी डब्यातून घावणे घेऊन आल्या आणि म्हणाल्या, तुझी लेक हुशार हाय गो, कधी येणार ती? मी घावणे ताटात काढून घेतले.

तू शिकवतेस, खरं आहे. सर्जरीची दोन वर्षं झाल्यावर ती जागा सोडलीस आणि शरीररचनेकडे गेलीस. आता मेलेल्या माणसांची पोटं उघडून मुलांना दाखवतेस, इथे जठर, इथे यकृत. ते कामही मोठं आहे, त्याला मी कमी लेखत नाही. पण जिवंत पोटावर हात ठेवणं तू का सोडलंस ते मला ठाऊक आहे, आणि तुला जे कारण ठाऊक आहे ते खोटं आहे. इथपर्यंत यायला मला चार पानं आणि सात वर्षं लागली.

बाबा गेले तो रविवार तुला तुकड्या-तुकड्यांत माहीत आहे. आज सबंध ऐक. नवघरच्या शाळेत आमची परिषद होती. विषय माझाच, या शहराच्या दवाखान्यात चोवीस तास सर्जन हवा. बाबा सकाळपासून खुर्च्या लावत होते. स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशवर उभं राहून त्यांचे गुडघे गेले होते आणि ते रोज उपाशीपोटी, नुसत्या चहावर, दुखण्याची गोळी घ्यायचे. ती गोळी माझ्या पर्समध्ये असायची. मीच द्यायचे, मोर्चा लांबला की दोन द्यायचे. त्या गोळ्यांनी जठराला भोक पडतं, हे मी पुढे तुझ्या वहीत वाचलं. अकराच्या सुमाराला ते एकदम वाकले. पोटात कुणी सुरी मारावी तसं झालं म्हणाले. घाम फुटला. मी त्यांना वर्गातल्या बाकावर झोपवलं आणि तुला फोन लावला. तू ड्यूटीवर होतीस, उचलला नाहीस. दीडपर्यंत कळ ओसरली. ते म्हणाले, संध्या, बरं वाटतंय आता, तू तुझं बघ. तुझ्या वहीत या वाक्याखाली दोन रेघा आहेत. पोट फुटल्यावर काही तास दुखणं उतरतं, रोगी बरं वाटतंय म्हणतो, आणि याच तासांत तो हातातून जातो.

दोन वाजता तुझा फोन आला. सगळं ऐकून तू म्हणालीस, आई, हात गरम कर आणि बाबांच्या पोटावर सपाट ठेवून दाब. मी म्हटलं, मला काय कळणार त्यातलं? तू म्हणालीस, “मऊ म्हणजे मळलेल्या कणकेसारखं. कडक म्हणजे पाटासारखं. हात ठेव आणि सांग, मऊ की कडक?” तुझ्या आवाजात मागे कुणाच्या तरी ट्रॉलीची खडखड ऐकू येत होती. मला हसूही आलं, आपल्या घरात कणीक मळायचे ते बाबा. हे सगळं मला कालच्यासारखं आठवतं, कारण त्याच क्षणी बाहेर लाऊडस्पीकरवर माझं नाव पुकारलं. मी दारात उभी होते. बाबा बाकावर, माझ्यापासून दहा पावलांवर. मी तुला सांगितलं, “मऊ आहे.”

मी हात ठेवला नव्हता, क्षितिजा.

तू म्हणालीस, मग संध्याकाळी दाखवून घ्या, काही खायला देऊ नकोस. मी चाळीस मिनिटं बोलले. बाबा उठून तिसऱ्या रांगेत येऊन बसले होते. जराही हलत नव्हते. लोक टाळ्या वाजवत होते, ते टाळीलासुद्धा हात उचलत नव्हते, आणि मला वाटलं, माणूस किती मन लावून ऐकतोय. पोट फुटलेला माणूस हलत नाही, हेही वहीत आहे. संध्याकाळी पोट फुगलं, उलट्या झाल्या. इथून मुंबईला पाठवलं, तिथे ऑपरेशन झालं, तिसऱ्या दिवशी ते गेले. तिथले सर्जन म्हणाले, सकाळी आणलं असतं तर.

बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला तू स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून मला म्हणालीस, मी फोनवर चुकले आई, मी आता कुणाच्या पोटाला हात लावणार नाही. हजार माणसांसमोर जिला कधी शब्द कमी पडला नाही, तिला तेव्हा एक वाक्य बोलता आलं नाही. मी तुझ्या डोक्यावरून हात फिरवला. तू ते सांत्वन समजलीस. पुढची सात वर्षं मी स्वतःला पटवत राहिले की हात ठेवला असता तरी माझ्यासारखीला काय कळलं असतं. बुधवारी ती पळवाट बंद झाली. कळतं. कुणालाही कळतं. ती पोरगी ऑपरेशनला गेली आणि मी बाकावर बसून माझ्या उजव्या हाताकडे बघत राहिले. त्या दिवशी बाबांचं पोट कसं लागलं असतं, हे या हाताला आता ठाऊक झालंय.

हल्ली रविवारी मी स्वतः कणीक मळते. नीट होत नाही. उत्तनहून बाबा आणायचे तसे सुके बोंबील आणते, भाजते आणि दोन ताटं घेतल्याचं मागून लक्षात येतं. कधी तीनही घेते. पण मला भेटायला ये, असं मी या पत्रात म्हणणार नाही, तो हक्क माझ्याकडे राहिलेला नाही. मला माफ कर असंही म्हणत नाही. रागावायचं असेल तर सावकाश रागाव, मी कुठे जात नाही. हे पत्र एवढ्यासाठी लिहिलं की तुझा प्रश्न बरोबर होता. उत्तर खोटं होतं आणि ते मी दिलं होतं. खऱ्या उत्तरावर तू काय सांगितलं असतंस ते वहीच्या अकराव्या पानावर आहे, मी वाचलंय: ‘कडक असेल तर थांबायचं नाही, तडक ऑपरेशनला.’ तेव्हा आता एकच कर. हे पत्र मिळेल त्या दिवशी तुझ्या त्या मेलेल्या माणसांच्या खोलीचं दार ओढून घे, जिना उतर, कॉलेजसमोरच्या दवाखान्यात पोट धरून आलेला पहिला माणूस ज्या खाटेवर असेल तिथे जा. हात गरम कर, आणि त्याच्या पोटावर ठेव.

तुझीच,
आई