मालक घरात आहेत

१२ एप्रिल, शनिवार

आले बाई एकदाची! इस्लामपूरच्या स्टँडवर उतरले तेव्हा एका हातात ट्रंक आणि दुसऱ्या हातात पेंगुळलेली सृष्टी. रिक्षावाल्याला पत्ता धड सांगता येईना. नवीन वसाहत, मागं उसाचा फड, एवढंच मला ठाऊक. लग्न झाल्यापासून छावणीच्या क्वार्टरमध्ये राहिले, आणि स्वतःचं घर आज पहिल्यांदा पाहतेय. तेही विकायला. आहे की नाही गंमत!

घर मात्र झकास आहे. ह्यांनी आसामात बसून व्हिडिओ कॉलवर गवंड्याशी भांडून भांडून बांधून घेतलं. हॉलला मोठी खिडकी, दोन खोल्या, मागं धुणं वाळत घालायला ऐसपैस जागा. सृष्टीनं आतली खोली बघता क्षणी आपली करून टाकली. ओटा पाहून मात्र मी खो खो हसले. माझ्या छातीला लागतो! माप देताना ह्यांनी स्वतःच्या कमरेचं दिलं असणार. पाटावर उभी राहून भात लावला. हसता हसता रडू आलं आणि तेवढ्यात भात उतू गेला.

ऑगस्टमध्ये हे गेले. कवायतीच्या मैदानावर, हार्ट अटॅकनं. दसऱ्याला सुट्टी काढून वास्तुशांत करायची, असं ठरलं होतं. ह्यांची पेटी आली ती थेट मूळ गावाकडं नेली. म्हणजे एवढ्या हौसेनं बांधलेल्या घरात माझ्या माणसानं एकदाही पाऊल ठेवलं नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

पण रडत बसून चालायचं नाही. साताऱ्यात ताईच्या शेजारी एक लहान फ्लॅट बघून ठेवलाय. तिथल्या शाळेत जूनपासून मुलींना शिवण शिकवायची नोकरी मिळालीय, सृष्टीचं नावही तिथंच घातलंय. हे घर विकलं तरच ते सगळं जमणार. एजंट नको. छावणीत मी कर्नलच्या बायकोला आमचा जुना फ्रिज विकलाय, तिथं घराचं काय घेऊन बसलात!

संध्याकाळी शेजारच्या चंपाकाकू दूध घेऊन आल्या. म्हणाल्या, पोरी, हार घातलेला फोटो भिंतीवर लावू नगंस, गिऱ्हाईक बिचकतंय. पटलं मला. ह्यांचा फोटो ट्रंकेत साड्यांखाली ठेवला. माफ करा हं, तेवढे चार दिवस.

१६ एप्रिल, बुधवार

फाटकावर पाटी लावली. ‘घर विकणे आहे’, खाली माझा नंबर. अक्षर सृष्टीचं, म्हणून ‘विकणे’ जरा वाकडं झालंय. आज पहिलं गिऱ्हाईक आलं. कारखान्यात नोकरीला असलेला मुलगा आणि त्याची नवी नवरी. मी पाणी, वीज, रस्ता, सगळं तोंडपाठ म्हणून दाखवलं आणि म्हटलं, तुम्ही निवांत फिरून बघा, मी चहा टाकते.

कप घेऊन बाहेर येते तर दोघं चपला घालून उभे. चहा घेतला नाही. तो मुलगा जरा अवघडून म्हणाला की वैनी, आदी घरात नीट बोलून घ्या, मंग पाटी लावा. घरात कुणाशी बोलू? सृष्टीशी? आजकालची पोरंही काय बोलतील नेम नाही.

२० एप्रिल, रविवार

आज लोणंदचे एक रेल्वेतून रिटायर झालेले गृहस्थ आले होते. घर बघितलं, आतल्या खोलीत बराच वेळ होते. मी बाहेर वाळवण काढत होते. निघताना तोंडभर हसले. म्हणाले, ताई, घर नाही मिळालं तरी चालंल, पण साहेबांशी बोलून बरं वाटलं, लय मोकळा माणूस. त्यांचं मन नाही तर तुम्ही कशाला घाई करता?

माझं डोकंच फिरलं. मला वाटलं, माझ्या दिरानं, लालासाहेब भावजींनीच, या गृहस्थांना फोन करून काही भरवलंय. लगेच भावजींना फोन लावून चांगलं फैलावर घेतलं. तुम्हाला दुसरे उद्योग नाहीत का, म्हटलं. ते शपथेवर म्हणाले की मी कुनालाच कायबी बोललो न्हाई. मग विचारलं की वैनी, त्या मानसानं अजून काय सांगितलं? त्यांचा आवाज मला आवडला नाही.

२४ एप्रिल, गुरुवार

शेवटी हात टेकले आणि सांगलीचे एक एजंट बोलावले. अजितकुमार नाव, चंपाकाकूंच्या ओळखीचे, बोलायला मऊ. त्यांना किल्ली देऊन मी सृष्टीला घेऊन बाजारात गेले. परत आले तर ते ओसरीवर बसलेले, किल्ली मांडीवर. किंचित रागानंच म्हणाले की ताई, मालक घरात असताना मला कशाला बोलावलंत? त्यांनी सरळ सांगितलं, घर द्यायचं नाही.

मी विचारलं, कोण मालक? तर म्हणाले, उंच, सावळे, बारीक कापलेले केस. सगळं घर स्वतः फिरून दाखवलं. ओट्यापाशी थांबून हसत म्हणाले, माझी चूक झाली, बायकोला उंच होतोय, कमी करून घ्यायचाय.

मी ट्रंक उघडली. साड्या फेकल्या, फोटो काढला आणि त्यांच्या पुढ्यात धरला. हार बघून त्यांनी हात जोडले आणि मग ते भिंतीला टेकून बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत. पाणी दिलं. प्यायले नाहीत.

ते गेल्यावर मी घरभर फिरले. हॉल, दोन्ही खोल्या, मोरी. हाका मारल्या. अहो, म्हटलं. रस्त्यावरच्या परक्या माणसांशी बोलता, त्यांना घर दाखवता, आणि मी कुठं मेलेय? मला का नाही दिसत? आठ महिने मी तुमचा एक शर्ट उशाशी घेऊन काढले. भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगते, मला राग आला. आणि त्या एजंटाचा हेवा वाटला.

सृष्टी दारात उभी होती. म्हणाली, आई, ओरडू नको ना. बाबा म्हणतात, तुझी हाक ऐकू येते त्यांना.

२६ एप्रिल, शनिवार

भावजींना बोलावून घेतलं. सगळं ऐकलं आणि त्यांचा चेहराच उतरला. मग हळूहळू सांगू लागले. दहाव्याला आम्ही बायका घरी होतो, नदीवर पुरुष गेले होते. पिंड मांडले, कावळे झाडावर बसलेले, पण एकही खाली उतरेना. ऊन वर आलं. भावजींनी म्हणून बघितलं की दादा, वैनीला अंतर देनार न्हाई. न्हाई उतरला. पोरीला लय शिकवीन. न्हाई उतरला. म्हातारी माणसं म्हणाली की आता दर्भाचा कावळा करू आणि उरकू. पण भावजींना ते बघवेना. सख्खा भाऊ असा अडकलेला. म्हणून त्यांनी मोठ्यानं सांगितलं की दादा, तुझं घर कुनाला देनार न्हाई. तू, वैनी, सृष्टी, तिघंबी त्या घरात एकत्र ऱ्हाल, माझा शबूद हाय.

बोलणं संपायच्या आत कावळा पिंडाला शिवला.

मी विचारलं की मला का नाही सांगितलं? तर ते रडायला लागले. म्हणाले, वैनी, समद्यांचे जीव टांगनीला लागल्यालं, जे सुचलं ते बोललो, तुमी घर विकायला काढाल हे काय म्हाईत. मला त्यांच्यावर चिडताही येईना. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच बोलले असते.

तिघं. एकत्र. हे घरात आलेत. मी आहे, सृष्टी आहे. मग आता आणखी काय हवंय, असं माझ्या मनात आलं, आणि पाठोपाठ जे आलं ते लिहवत नाही. एक मेलेला आणि दोन जिवंत, याला एकत्र म्हणत नाहीत.

२८ एप्रिल, सोमवार

सृष्टी जेवत नाही. बाबांबरोबर जेवले म्हणते. हात गार. डॉक्टरकडं नेलं. रक्त, लघवी, सगळं ठीक म्हणाले. उन्हाळा आहे, होतं असं. दिवसभर त्या खोलीत बसून असते. दार लोटलं की आतलं बोलणं थांबतं. तिच्या फ्रॉकची पट्टी मी आज पुन्हा आवळली. गेल्या आठवड्यातच आवळली होती.

तिला साताऱ्याचं नाव काढलं की म्हणते, कशाला जायचं? आपण तिघं इथंच.

‘तिघं’ हा भावजींचा शब्द मी तिच्यासमोर कधीच बोलले नाही.

३० एप्रिल, बुधवार. अक्षय तृतीया

आज विसाराचे पैसे द्यायला येतो असं फोनवर म्हणणारा एक जण होता. आला नाही. आता कुणी येऊही नये असं वाटतं.

भावजी सकाळी नदीवर जाऊन आले. भात ठेवला, हात जोडून म्हणाले, दादा, चुकलं, शबूद माघारी घेतो. झाडावर कावळेच कावळे होते. सगळे एकदम उडाले. भात तसाच राहिला.

सृष्टीनं आज पाणीही घेतलं नाही.

२ मे, शुक्रवार

पाटी काढून टाकली.

भर दुपारी त्या खोलीत जाऊन बसले. बोलले त्यांच्याशी. म्हटलं, मी राहते. जन्मभर राहते. घर विकत नाही, नोकरी सोडते, तुमच्या उंच ओट्यावर पाटावर उभी राहून स्वयंपाक करीन. पण तिला जाऊ द्या. सात वर्षांची पोर आहे हो. तुमचीच आहे. तुम्ही ड्यूटीवरून आलात की ती तुमच्या बुटात पाय घालून फिरायची, ती ही. तिला शाळेत जाऊ दे, भांडू दे, मोठी होऊ दे.

काही ऐकू आलं नाही. एकदा दिसा तरी, म्हटलं. नाही दिसले.

उद्या भावजी तिला ताईकडं सोडणार.

३ मे, सकाळ

गेली. भावजींच्या गाडीत, मागच्या सीटवर. चंपाकाकूंनी तिच्या हातावर साखर ठेवली, ती तिनं खाल्ली! चाटून खाल्ली. किती दिवसांनी! मला इतका आनंद झाला, गाडी वळेपर्यंत मी वेड्यासारखी हात हलवत होते. ती पण हलवत होती. पण माझ्याकडं बघून नाही. माझ्या मागं, खिडकीकडं.

कराड आलं की फोन करतो म्हणालेत भावजी.

घर एकदम शांत. कधी नव्हे इतकं शांत. म्हणजे हे पण — गेले का? कुठं गेले?

तिच्याबरोबर —

नाही. नाही.

दुपार

कराड केव्हाच मागं पडलं असेल. फोन नाही.

मी लावला. उचलत नाहीत.

ताईला लावला. पोचले नाहीत म्हणाली.

आतल्या खोलीत कुणीतरी हसलं. सृष्टी हसते तसं, खुदकन.

ती घरात नाही. मी स्वतः बसवलं तिला गाडीत. काच वर केली. नाही ती घरात —

फोन वाजतोय. भावजींचं नाव. थांबला. पुन्हा वाजतोय. उचलणार नाही. मी उचलला नाही तर ते काहीच झालेलं नाही. हायवेवर गर्दी असेल, गाडी पंक्चर झाली असेल —

चंपाकाकू फाटकात. त्यांच्या हातात त्यांचा फोन. रडतायत. मला हाका मारतायत, पोरी दार उघड, पोरी —

नाही उघडणार.

सृष्टी दारात आलीय. ओठाला साखर तशीच. एका पायात चप्पल नाही. आई, चल ना, म्हणते. भूक लागलीय म्हणते. आई, आता तू एकटीच राहिलीस —

हात पुढं केलाय तिनं. तिच्या मागं कुणीतरी — उंच —

अगं बाई. आले. दिसले हो. दिसले मला. आले हं, हे एवढं लिहून ठेवते आणि —